दुसरी वेलांटी

गेल्या उन्हाळ्यात भावकीतल्या एका लग्नात माझ्या शेजारी बसलेला म्हातारा बट्टीचा तुकडा वरणात बुडवून तो मऊ व्हायची वाट पाहत होता. त्याच्या तोंडात एकही दात उरलेला नव्हता. पलीकडून त्याचा नातू म्हणाला, "आबा, अकोल्याले नेतो ना तुमाले. दात बसवून आनू."

म्हाताऱ्यानं हात झटकला. "नोको बाप्पा. आपल्या गावाले ते लाभत नाही. तो खामगावचा डाक्तर होता ना, त्यानं मोठेबाबाचा अख्खा जबडा खाल्ला."

आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता त्यांनी जरा जास्तच डोलावल्या. मी तिथंच होतो, माझ्या स्वतःच्या कवळीनं बट्टी व्यवस्थित चावत होतो, आणि गप्प होतो. या एका विषयात गप्प बसण्याचा मला इतका सराव आहे की त्याची परीक्षा असती तर मी पहिला आलो असतो.

डॉक्टरनं कुणाचा जबडा खाल्ला नाही. मोठेबाबांचा जबडा कसा गेला हे ठाऊक असलेला मी एकटाच आता जिवंत आहे. आणखी किती लग्नं जेवेन ते सांगता येत नाही, म्हणून लिहितो.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. नातं माझं, पण हाक सगळ्या गावाची. वडनेर भोलजीहून आत जाणाऱ्या गाडरस्त्यावर आमचं गाव. त्या काळात गावानं जागचं न हलता राज्यं बदलली: आधी मध्य प्रदेश, मग मुंबई, मग महाराष्ट्र. दर वेळी चावडीवरची पाटी बदलली आणि तिच्याखाली बसणारी माणसं तीच राहिली. मोठेबाबांच्या तोंडात पुढं याच्या नेमकं उलट झालं. वरची पाटी तीच राहिली आणि खालची जमीन सरकत गेली.

गावात पाटील होता, सरपंच होता, सोसायटीचा अध्यक्ष होता. पण जेवण सुरू करायचा अधिकार मोठेबाबांचा होता. लग्न असो, तेरवी असो, पानं वाढून झाली की सगळी पंगत त्यांच्याकडं पाही. पानावर माशा जेवायला बसलेल्या असत, माणसं मात्र थांबलेली. मोठेबाबा उभे राहायचे, धोतराचा सोगा सावरायचे, डोळे मिटायचे आणि श्लोक सुरू करायचे. जेवणाआधी म्हणायचा तो श्लोक सगळ्यांनाच पाठ असतो. त्यात घासाला 'कवळ' म्हटलेलं आहे, हे सांगून ठेवतो, कारण पुढं त्या शब्दाचं काम आहे. आवाज असा की शेवटच्या पानावर बसलेला बहिरासुद्धा हात जोडायचा. आमच्या बोलीत ळ फार टिकत नाही. काळा आमच्याकडं काया होतो, डोळ्याचा डोया होतो. मोठेबाबाही एरवी तसंच बोलायचे. पण श्लोकातला ळ ते असा ठणठणीत म्हणायचे की मी शाळेत पोरांना त्यांचं उदाहरण द्यायचो. मी गावच्या शाळेत मास्तर होतो. नवा होतो, आणि नव्या मास्तराला असतो तितका शहाणपणा अंगात होता.

तंबाखू आणि चुन्यानं मोठेबाबांचे दात एकेक करून हलू लागले. नांदुऱ्याच्या बाजारात एक दात उपटणारा बसायचा. त्यानं हलणारे उपटले आणि पुन्हा फेरी मारायला नको म्हणून न हलणारेही उपटून दिले. बाजारातून आल्यावर मोठेबाबा खूश होते. ठणका गेला होता. पुढच्या पंगतीत ते उभे राहिले, तेव्हा श्लोकाऐवजी वारा सुटला. श आणि स तर नुसते सुंईसुंई करत निघून गेले. कोणी हसलं नाही. त्याहून वाईट झालं. श्लोक अर्ध्यावर असताना कोपऱ्यातल्या एकानं बट्टी कुस्करली. मग दुसऱ्यानं. मोठेबाबांनी डोळे उघडले तेव्हा अर्धी पंगत जेवत होती.

दुसऱ्या दिवशी ते शाळेच्या दारात उभे. "मास्तर, खामगावले चाल. तठी दात बसवनारा डाक्तर आला म्हनते."

डॉक्टर तरुण होता, पुण्याकडचा. टेबलावर त्यानं पांढऱ्या प्लास्टरचा एक जबडा ठेवला होता. मोठेबाबांनी तो सगळीकडून पाहिला.

"हा कोनाचा हाय?"

"कुणाचा नाही आजोबा. नमुना आहे."

"मंग हासते काऊन?"

डॉक्टरनं त्यांच्या हिरडीवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. "सगळे काढले? दोन-चार मुळं तरी ठेवायची होती. दाताचं मूळ आहे तोवर हाडाला काम असतं. मूळ गेलं की हाडाला वाटतं, आपली गरज संपली. मग ते झिजायला लागतं."

'हाड' म्हटल्यावर मोठेबाबांनी वळून दाराकडं पाहिलं. आमच्याकडं तो शब्द बहुतेक वेळा कुत्र्यासाठीच वापरला जातो. कुत्रं नाही असं पाहून ते पुन्हा तोंड उघडून बसले.

मेणाच्या गोळ्यात त्यांच्या हिरड्यांचं माप घेतलं गेलं आणि पंधरवड्यानं या म्हणून सांगितलं गेलं. आम्ही निघताना डॉक्टर म्हणाला, "कवळी छान बसेल तुम्हाला." हा शब्द मोठेबाबांनी पहिल्यांदाच ऐकला. आमच्याकडं नकली दातांना बत्तिशी म्हणत. पण पुण्याचा शब्द म्हणून त्यांनी तो जपून गावात आणला, आणि तेवढ्या वाटेत त्यातला ळ गळून पडला. कवळीची कवयी झाली. आता कवयी म्हणजे आमच्याकडं कोवळी. कवयी काकडी, कवयी भेंडी. आणि मोठेबाबांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती.

पारावर झालेलं संभाषण मी स्वतः ऐकलं आहे.

"खामगावले गेल्तो," मोठेबाबा म्हणाले. "कवयी आनून राह्यलो."

"काय आनून राह्यले?"

"कवयी बे, कवयी. माप देऊन आलो."

मग एकानं हळूच विचारलं, "या वयात, मोठेबाबा?"

"मंग कोन्या वयात? तुह्या वयात कायले लागते?"

"कोनाकडची हाय?"

"डाक्तरनं पाह्यली. पुण्याकडचा हाय तो."

"पुण्याची!" दोघं-तिघं एकदम म्हणाले. "निभन काय तुमच्यासंगं?"

"पह्यले टोचते म्हने. मंग होते सवय."

मी दोन शब्द बोललो असतो तर गैरसमज तिथंच संपला असता. पण इतकी मजा फुकट मिळत असताना ती कोण थांबवतो? संध्याकाळी मोठेबाबांचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, धापा टाकत माझ्या घरी आला. "मास्तर, बुढ्याले समजाव. नदीकडचं वावर तिच्या नावावर त नाही करून देल्लं?" त्याच्या बायकोनं त्या दिवशी सासऱ्याच्या ताटात भाकरी ठेवली ती आदळूनच.

पंधरवड्यानं आम्ही कवळी घेऊन आलो. एसटीतून उतरलो तर अर्धं गाव नव्या नवरीला पाहायला फाट्यावर आलेलं. मोठेबाबांनी रुमालाची गाठ सोडली आणि आतली गुलाबी हिरडीची, पांढऱ्या दातांची जोडी तळहातावर धरली. लोक तिच्याकडं पाहत राहिले. गावाचं एक लग्न बुडालं होतं. मागून एक म्हातारी म्हणाली, "इतकीशीच?" तेव्हा कुठं हशा पिकला. मोठेबाबाही हसले. हे मी मुद्दाम नोंदवतो. त्या थट्टेवर ते मनापासून हसले होते.

आता डॉक्टरनं काय सांगितलं होतं ते. कारण सगळा वाद त्यावरच आहे, आणि ऐकायला मोठेबाबांशिवाय मी एकटाच होतो.

तो म्हणाला होता, "आजोबा, ही दिवसा घालायची. रात्री काढून पाण्याच्या वाटीत ठेवायची. झोपताना हिरड्या बोटानं हलक्या चोळायच्या, म्हणजे त्यांच्यात रक्त खेळतं. खाली हाड आहे, ते थोडंफार झिजणारच. पण दिवसरात्र त्याच्यावर दाब राहिला तर ते फार लवकर झिजतं. हाड किती वर्षं पुरवायचं ते तुमच्या हातात आहे. आणि वर्षातून एकदा या. हिरडी जितकी बसली असेल तितका आतून भराव घालून देईन. सैल कवळी घट्ट कवळीपेक्षा जास्त खाते."

कुणी म्हणेल, बुढ्याला समजलं नसेल. मोठेबाबांना जितकं समजलं होतं तितकं मलाही समजलं नव्हतं. ते लगेच म्हणाले, "म्हंजे बैलाच्या मानेवरचं जू. रातीले काढाच लागते. नाही काढलं त खांदा सुजून येते."

डॉक्टर खूश झाला. "अगदी तेच. जू रात्री काढायचं."

आणि त्यांनी ते काढलंही. पहिला महिना-दीड महिना रोज. कोनाड्यात काशाची वाटी असायची, तीत पाणी. माझी वहिनी, म्हणजे त्यांची सून, ती वाटी घासून ठेवायची. वावर शाबूत राहिल्यानं भाकरी आता ताटात अलगद पडत होती.

मग गावात एक लग्न आलं. मोठेबाबा पंगतीत उभे राहिले आणि श्लोक सुरू झाला. जुना आवाज परत आला होता. त्याच्या बरोबरीनं दातांची किंचित टकटकही होती, पण श जागेवर होता, स जागेवर होता आणि ळ तर टाळूवर असा आपटला की वाढपी थबकले. एकानंही घासाला हात लावला नाही. श्लोक संपल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि थांबलेली पंगत शेवटच्या पानापर्यंत पाहून घेतली. मग बसले. माणसाला इतकं साधं सुख असतं हे मला तेव्हा दिसलं, आणि त्याचं मी काय केलं ते आता सांगतो.

मी पोरांच्या ओळीत बसलो होतो. माझ्या वयाची पोरं, वावरात राबणारी. मी मास्तर झाल्यापासून ती माझ्याशी जरा अंतर ठेवून वागायची. मला ते सलत होतं. श्लोक चालू असताना मी शेजारच्याच्या कानात तोच चरण म्हटला. फक्त घासाचा जो कवळ आहे, त्याच्या ळ ला मी दुसरी वेलांटी लावली. कवळाची कवळी केली. तोंडात घासाऐवजी दात घेऊन देवाचं नाव घ्यायचं, असा अर्थ झाला. बस, एवढंच. शाळेत पोरांकडून रोज म्हणवून घ्यायचो तशी: पहिली वेलांटी ळि, दुसरी वेलांटी ळी.

श्लोक संपला आणि पहिल्याच घासाला शेजारच्याच्या नाकातून वरण आलं. त्यानं पुढच्याला सांगितलं, त्यानं त्याच्या पुढच्याला. वाढपी वाढत गेले त्याच दिशेनं हसू वाढत गेलं. मी त्या दिवशी पोरांच्यातला झालो. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. तिचा दाब मला अजून आठवतो, आणि मोठेबाबांच्या जबड्यावर पडलेल्या दाबाचा हिशेब करताना मी तोही धरतो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभलं असतं. पण माझा विनोद चालतो आहे म्हटल्यावर मी पारावर आणखी माल पुरवला. मोठेबाबांची कवयी रात्री त्यांच्याजवळ झोपत नाही, वाटीत झोपते. तिला पाणी लागतं. बुढा तिला काढून ठेवतो आणि मग स्वतःच्या हिरड्या चोळत बसतो. डॉक्टरच्या सूचनांतली एकही मी वाया घालवली नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर लोकांना शंका आली असती; मी तर प्रत्यक्ष हजर होतो.

पुढच्या पंगतीत तो शब्द आला तेव्हा पोरांच्या सगळ्या ओळीनं दुसरी वेलांटी मोठ्यानं लावली. मोठेबाबा थांबले. त्यांनी डोळे उघडले. क्षणभर त्यांना काय चुकलं ते कळलं नसावं. त्यांनी चाचपावं तसे ओठ मिटले आणि उघडले. मग उरलेला श्लोक त्यांनी पूर्ण केला. गल्लीतून जाताना लहान पोरं विचारू लागली, "मोठेबाबा, उठली काय वाटीतून?"

काही दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो तर वहिनी म्हणाली, "मास्तर भाऊजी, मामंजी आता वाटी मांगत नाहीत. निजतानीबी दात तोंडातच. मी इचारलं त म्हनतात, ते काढाचे नसतात, माहे हायेत ते."

कोनाड्यातली वाटी पालथी होती. तिच्यावर धूळ नव्हती, वहिनी तशी व्यवस्थित बाई. पण पालथी होती.

मला त्याचा अर्थ कळला नाही असं मी म्हणणार नाही. जू काढायचं नाही असं त्या माणसानं ठरवलं होतं, कारण काढलं की गाव हसणार होतं. सूनसुद्धा वाटी उचलताना काही बोलून जाईल या भीतीनं त्यानं तोंडच बंद करून टाकलं होतं. मी वहिनीला म्हणालो, "होईल सवय." आणि चहा पिऊन आलो.

दोन-तीन वर्षांत मोठेबाबांचा चेहरा बदलला. हनुवटी वर सरकली आणि नाकाची चौकशी करायला निघाल्यासारखी दिसू लागली. बोलताना खालची कवळी उचलायची. ते जिभेनं ती दाबून धरायचे, त्यामुळं जीभ बोलायला मोकळी नसायची. वर्षातून एकदा डॉक्टरकडं जायचं होतं, ते गेले नाहीत. गेलं की गावात पुन्हा तोच विषय निघणार. त्याऐवजी त्यांनी घरचा उपाय केला. वऱ्हाडात कापसाला तोटा नाही. सरकी काढलेला कापूस ते कवळीच्या खाली भरू लागले. कापूस भिजून दबायचा, मग आणखी कापूस. आमच्या तालुक्यातला कापूस जिनिंगमध्ये जायचा, गाद्यांत जायचा आणि थोडा मोठेबाबांच्या जबड्यात जायचा. खाली जखमा झाल्या. बट्टी गेली, भाकरी गेली, उसाचं कांडं तर कधीचंच गेलं होतं.

जखमा फारच चिघळल्या तेव्हा मुलानं हट्ट धरला आणि मला त्यांच्यासोबत पाठवलं. खामगावला डॉक्टर तोच होता. आता थोडा जाड झालेला. त्यानं तोंड पाहिलं, हिरडी बोटानं चाचपली. म्हणाला, "इतक्या लवकर? आजोबा, कवळी टिकायला हाडाचा एक ओटा लागतो. तुमचा ओटा झिजून अंगण झालंय. बसणार कुठं ती?" मग विचारलं, "रात्री काढून ठेवता ना?"

मोठेबाबांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. नुसतं पाहिलं, आणि जरा जास्त वेळ पाहिलं.

मी समोरच्या प्लास्टरच्या जबड्याकडं पाहत होतो. तो अजून हसत होता.

"हाव," मोठेबाबा म्हणाले. "काढतो ना. रोज काढतो."

डॉक्टरचा चेहरा पडला. रुग्ण सगळं पाळतो आहे आणि तरी हाड गेलं, म्हणजे दुसरं काय? "मग माझ्याच बसवण्यात चूक झाली असणार," तो म्हणाला. "मापातच कुठंतरी." त्यानं नवी कवळी करून दिली. फार मन लावून केली. पण ओटाच नसल्यावर त्यावर कितीही चांगला पाहुणा आणून बसवा, तो घसरणारच. महिन्याभरात तीही सुटली. गावानं निकाल दिला: डॉक्टर अडाणी, त्यानं जबडा खाल्ला, त्यानं स्वतः तोंडानं कबूल केलं. ही शेवटची बातमी गावात कुणी आणली असेल? खोलीत आम्ही तिघंच होतो, आणि मोठेबाबा हल्ली फार बोलत नव्हते.

पुढं आमच्या गावातून त्याच्याकडं कुणी गेलं नाही. आजूबाजूच्या गावांतही गोष्ट गेली. अशा गोष्टींना एसटी लागत नाही. काही वर्षांनी तो खामगाव सोडून गेला. लोक म्हणाले, पळाला. तो गेला तेव्हाही, आपण त्या म्हाताऱ्याचं माप चुकीचं घेतलं, असंच धरून गेला असणार.

आणि पंगत? पंगतीचं असं झालं की एका लग्नात पानं वाढून झाली, सगळे मोठेबाबांकडं वळले आणि ते उठलेच नाहीत. त्यांनी हातानं माझ्याकडं खूण केली. "मास्तर म्हनीन," एवढंच म्हणाले. लोकांना ते पटलं. शिकलेला माणूस, त्याच घरातला, उच्चार स्वच्छ. मी उभा राहिलो आणि श्लोक म्हटला. त्यानंतर गावातल्या प्रत्येक पंगतीत मीच म्हणत आलो. लोक थांबतात. माझा आवाज मोठेबाबांसारखा नाही, पण ध्वनिक्षेपक आला तेव्हापासून कुणाला फरक कळत नाही.

आता मला स्वतःला कवळी आहे. दात काढायची वेळ आली तेव्हा मी खालचे दोन सुळे काढू दिले नाहीत. त्यांच्या आधारानं खालची कवळी बसते. रात्री न चुकता काढतो, वाटीत ठेवतो, हिरड्या चोळतो, वर्षाला दाखवून येतो. माझा दातांचा डॉक्टर म्हणतो, तुमच्या वयाला इतकं चांगलं हाड मी फार कमी पाहिलं. असणारच. खामगावच्या डॉक्टरचा शब्द न् शब्द मला पाठ होता. त्यातला विनोद मी गावाला वाटला आणि उपयोग तेवढा स्वतःसाठी ठेवला.

मोठेबाबा गेले त्याच्या आधीच्या हिवाळ्यात, ज्वारीला हुरडा आला होता तेव्हा, मी एका दुपारी त्यांच्या अंगणात जाऊन बसलो. घरातले सगळे वावरात हुरडा भाजायला गेले होते. मोठेबाबांसमोर दुधात कुस्करलेली भाकरी होती. दोन्ही कवळ्या कुठंच नव्हत्या. तोंड आत ओढलेलं, गाल आत गेलेले.

"काऊन बे मास्तर, तू नाही गेला हुरडा खाले? तुले त दात हायेत."

मी म्हणालो, "मोठेबाबा, एक सांगाचं होतं."

"वेलांटीचं काय?"



"तुमाले कोनी सांगतलं?" मी विचारलं.

"सांगाले कायले पाह्यजे? तठी जे पोट्टे बसले होते, त्यांयले स्वताचं नाव लिवाले लाव, अंगठा पुढं करतात. शब्दाले कुठं वेलांटी लावली त काय व्हते, हे गावात मास्तरबिगर कोनाले येते बे?" ते हसले. दात नसलेल्या तोंडाचं हसू वाचता येत नाही, त्यामुळं ते कसलं हसू होतं ते मी सांगू शकत नाही. "गावानं मले दुसरी बायको आनली. मी हासलो. तू दुसरी वेलांटी आनली. ते मात्र लागलं मले."

"मंग त्या डाक्तरपुढं तुमी काऊन खोटं बोलले?"

"मी बोललो ते सोड. मी तुह्याकडं पाह्यलं होतं पह्यले."

अंगणात एक शेळी बांधलेली होती. ती कडबा चघळत होती. मला वाटलं, आता ते आणखी काही बोलतील. मला ते हवंही होतं. चार शिव्या दिल्या असत्या तर मी हलका होऊन घरी गेलो असतो. त्यांनी ताट पुढं ओढलं, पण हात घातला नाही.

"म्हन," ते म्हणाले.

"काय?"

"पंगतीत म्हनते ना माह्या जागी? म्हन. मले जेवाचं हाय."

मी हात जोडले आणि श्लोक सुरू केला. मांडी घालून, एका ताटासमोर, भर दुपारी. तो शब्द आला आणि माझी जीभ अडखळली. मी नुसता 'कव' म्हणालो आणि पुढं निघालो.

त्यांनी बोट वर केलं. "तठी थांब. मागून घे."

मी पुन्हा म्हटलं. पुन्हा कुठंतरी चाचरलो. त्यांनी पुन्हा बोट वर केलं. मी शाळेत पोरांकडून जसं म्हणवून घ्यायचो तसा त्यांनी तो एक शब्द माझ्याकडून म्हणवून घेतला, ळ टाळूला नीट लागेपर्यंत, त्याच्यापुढं काहीही न लागता. मग मान हलवली, बोट खाली घेतलं आणि मऊ भाकरीचा घास तोंडात घातला. चावायला त्यात काही नव्हतं, आणि चावायला त्यांच्याकडं काही नव्हतं. तरी ते बराच वेळ चावत राहिले.